ब्रिजमध्ये पानं मोजायची ती बावन्न नव्हे, तेरा

मेंढीकोटात चार दश्श्या कुठे गेल्या एवढं ध्यानात ठेवलं की माणूस हुशार ठरतो. आमचं पत्त्यांचं शिक्षण याच वाटेने झालं. मे महिन्याच्या सुट्टीत झब्बू आणि बदाम सात, मग मेंढीकोट, आणि नोकरी लागल्यावर लोकलच्या डब्यात चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ठेवलेली ब्रीफकेस आणि तिच्यावर ब्रिज. ब्रिजला आल्यावर मात्र दश्श्यांचा हिशेब पुरत नाही. मी पहिली दहा-बारा वर्षं न मोजताच खेळलो. बोली बरी लावायचो, फिनेस (मोठं पान अमुक प्रतिस्पर्ध्याकडे आहे असं धरून लहान पानाने हात काढणं) कुठे घ्यायचा हे ‘अंदाजाने’ ठरवायचो आणि अंदाज चुकला की पानं वाटणाऱ्याला नावं ठेवायचो.

न मोजणाऱ्यांचं कारण ठरलेलं असतं: ‘आता या वयात पानं लक्षात राहत नाहीत हो.’ २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदाच आला आणि पुरुषांच्या जोडीचं सुवर्णपदक प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारतात आणलं. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते, सरकार छप्पन्न. तेव्हा वयाचं कारण सोडून द्या. मुळात हा पाठांतराचा प्रकारच नाही. कॅसिनोत पानं मोजतात म्हणून ऐकतो ती भानगडही वेगळी. आपल्याला करायची आहे ती तेरापर्यंतची वजाबाकी. ती दुसरीतल्या पोराला येते. आपण ती सलग तेरा हात (चौघांचं एकेक पान पडलं की एक हात) टिकवून धरत नाही, एवढंच.

पुढे लिहिलंय ते ज्याला ब्रिजचे नियम येतात, पण मोजणी तीन-चार हातांनंतर सुटते, त्याच्यासाठी.

आधी तेराचा पाढा

प्रत्येकाकडे तेरा पानं, ती चार सूटमध्ये विभागलेली. ही विभागणी ३९ प्रकारांनी होऊ शकते, पण नेहमी भेटणारे प्रकार मोजकेच आहेत. ४-४-३-२ सगळ्यात जास्त, शंभरात साधारण २१-२२ वेळा. मग ५-३-३-२ (१५-१६ वेळा), ५-४-३-१ (१३), आणि ५-४-२-२ व ४-३-३-३ (प्रत्येकी साडेदहाच्या आसपास). हे पाच मिळूनच शंभरातले ७१ झाले. त्यांच्यामागे ६-३-२-२, ६-४-२-१, ६-३-३-१ आणि ५-५-२-१ एवढे घेतले की रोजचं काम भागतं.

हे नऊ प्रकार पाढ्यासारखे पाठ करा. खरोखर मोठ्याने, ठेका धरून: ‘पाच-चार-तीन-एक, पाच-चार-दोन-दोन’. बे त्रिक म्हटल्यावर सहा जसं आपोआप तोंडात येतं, तसं ‘पाच-चार-तीन’ म्हटल्यावर ‘एक’ यायला हवं. बेरीज करून वजाबाकी करायला लागलात तर टेबलावर दमाल. मी हा सराव रिक्षाच्या मागे बसून गाड्यांच्या नंबरांवर केला. नंबरातले पहिले तीन आकडे घ्यायचे आणि चौथा तेराला पुरा करायचा. ५२४७ दिसला की ‘पाच-दोन-चार, राहिले दोन’. बेरीज तेराच्या वर गेली तर ती गाडी सोडून द्यायची.

या पाढ्याचा दुसरा उपयोग लोकांना उशिरा कळतो. एका माणसाकडच्या चार सूट तेरा होतात, तशीच एक सूट चार माणसांत मिळूनही तेराच होते. तुमच्याकडे पाच बदाम, डमीत (टेबलावर उघडलेल्या भिडूच्या पानांत) तीन, म्हणजे बाहेर, प्रतिस्पर्ध्यांकडे, पाच. ते ३-२ असतील तर चित्र ५-३-३-२, ४-१ असतील तर ५-४-३-१. तोच पाढा, फक्त टेबलाभोवती फिरवलेला.

घरी, एकट्याने, एक कॅट घेऊन

टेबलावर सराव करू नका. तिथे बोली आहे, भिडूचा चेहरा आहे, घड्याळ आहे. मोजणीची सवय घरीच लागते, आणि त्यासाठी चौघं जमवायची गरज नाही.

पहिला खेळ असा. कॅट पिसा, वरची तेरा पानं न बघता बाजूला पालथी ठेवा. उरलेली ३९ एकेक करून उलटत जा आणि फक्त इस्पिक मोजा. संपल्यावर सांगा, बाजूच्या तेरांत इस्पिक किती? उलटून पडताळा. इथे लबाडीला जागा नाही, उत्तर लगेच समोर येतं. सलग पाचदा बरोबर आलं की इस्पिक आणि बदाम एकदम मोजा. मग तीन सूट. चौथी मोजूच नका, ती वजाबाकीने येते. तीन सूट सांभाळायला मला जवळपास दीड महिना लागला आणि त्या काळात घरच्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

एक युक्ती: प्रत्येक सूटचा वेगळा आकडा डोक्यात धरण्याऐवजी चार आकडी एकच संख्या धरा. इस्पिक-बदाम-चौकट-किलवर हा क्रम कायम ठेवला तर ‘तीन-दोन-चार-दोन’ हे टेलिफोन नंबरासारखं एका दमात लक्षात राहतं. क्रम मात्र बदलायचा नाही.

दुसरा खेळ पॉइंटांचा. एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक. अख्ख्या कॅटमध्ये चाळीस. तीन पानं न बघता काढून ठेवा, बाकीच्या ४९ पानांचे पॉइंट मोजा, चाळीसातून वजा करा. बेरीज ३५ आली तर बाजूच्या तिघांत पाच आहेत. पहिल्यांदा दोन मिनिटं लागतील. चाळीस सेकंदांवर आलात की पुरे, त्याहून वेग वाढवून काही मिळत नाही.

टेबलावर पहिला महिना: फक्त हुकूम

आता खेळायला बसा, पण मोजायची एकच सूट. डिक्लेअरर (बोली जिंकून डाव खेळणारा) असाल तेव्हा हुकूम, नो ट्रम्प (हुकूम नसलेला डाव) असेल तर तुमची सगळ्यात लांब सूट. बाकीच्यांकडे जाणूनबुजून दुर्लक्ष. नवखे चारही सूट धरायला जातात आणि पाचव्या हाताला चारही सोडून देतात.

मोजण्याची पद्धतही बदला. बहुतेक जण पडणारी पानं मोजतात: चार पडली, आठ पडली, अकरा पडली… यात आपली आणि डमीची पानंही मोजावी लागतात. ती तर डोळ्यांसमोर आहेत, ती मोजायची कशाला? डमी उघडला की एकदाच ठरवा: माझे पाच, डमीचे तीन, बाहेर पाच. इथून पुढे ‘बाहेर किती’ एवढंच चालवा. दोघांनी पान दिलं, बाहेर तीन. पुन्हा दोघांनी दिलं, बाहेर एक. एखाद्याने दुसऱ्या सूटचं पान सोडलं की तो क्षण पकडा, कारण त्या घटकेला ती सूट पूर्ण उलगडलेली असते.

बाहेरची पानं कशी वाटली गेली असतील याचे आकडेही बरोबर ठेवा. बाहेर पाच असतील तर ३-२ शंभरात ६८ वेळा, ४-१ साधारण २८, ५-० चार. बाहेर चार असतील तर ३-१ पन्नास वेळा, २-२ एक्केचाळीसच. बाहेर सहा असतील तर ४-२ अठ्ठेचाळीस वेळा, ३-३ छत्तीसच. म्हणजे बाहेरची संख्या विषम असेल तर पानं सारखी वाटली जाण्याकडे कल, सम असेल तर नाही. अपवाद बाहेर दोनच असण्याचा: तिथे १-१ किंचित जास्त, बावन्न वेळा. ३-३च्या भरवशावर डाव लावून बुडालेले खेळाडू मी दर रविवारी बघतो.

डमी उघडल्यावर तीस सेकंद

उतारी (डावाचं पहिलं पान) आली, डमी खाली आला, की लगेच पान खेळू नका. या तीस सेकंदांत दोन गोष्टी टिपा.

पहिली, बोलीतून आलेले आकडे. कुणी दोन बदामची कमजोर बोली (पॉइंट कमी, सूट लांब) उघडली असेल तर त्याच्याकडे सहा बदाम धरा. तीनवर उघडली असेल तर सात. पाच पानांचे मेजर (इस्पिक किंवा बदाम पाच असल्याशिवाय त्यावर न उघडण्याची पद्धत) खेळणाऱ्याने एक इस्पिक म्हटलं तर पाच. हे आकडे फुकटचे आहेत, पण पहिला हात संपेपर्यंत बोली विसरून जाणारे खूप.

दुसरी, उतारीचं पान. नो ट्रम्पला लांब सूटमधलं वरून चौथं पान उतरण्याची पद्धत असेल तर अकराचा नियम लावा: उतरलेलं पान अकरातून वजा करा. छक्की आली तर ११ वजा ६, पाच. छक्कीहून मोठी पाच पानं उरलेल्या तिघांत मिळून आहेत. डमीत आणि तुमच्याकडे मिळून चार दिसत असतील, तर उतरणाऱ्याच्या भिडूकडे एकच. आणि उतारी दुर्रीची असेल तर तिच्याखाली पानच नाही, म्हणजे उतरणाऱ्याकडे त्या सूटची बरोबर चारच. एका दुर्रीने एवढं सांगितल्यावर आणखी काय हवं?

पूर्ण मोजणी: एक डाव जवळून

हा डाव माझा आहे आणि मी तो घालवला. मी दक्षिण. एकवीस पॉइंट, सारखी वाटलेली पानं, दोन नो ट्रम्पवर उघडलं. समोर पंधरा पॉइंट घेऊन बसलेल्या भिडूने थेट सात नो ट्रम्प, म्हणजे तेराच्या तेरा हात, म्हटलं. सहावर थांबायला हवं होतं, पण तो विषय आम्ही चहाच्या वेळी मिटवला.

दक्षिण (मी): इस्पिक एक्का-राजा-६, बदाम राजा-राणी-१०-२, चौकट राजा-१०-४, किलवर एक्का-राणी-५.

उत्तर (डमी): इस्पिक राणी-७-३, बदाम एक्का-गुलाम-६, चौकट एक्का-गुलाम-७-२, किलवर राजा-८-३.

पश्चिमेने इस्पिकची दश्शी उतरली. मोजा: इस्पिकचे तीन हात, बदामचे चार, किलवरचे तीन, चौकटचे एक्का-राजा दोन. झाले बारा. तेरावा हात चौकटच्या राणीवर अवलंबून. ती पश्चिमेकडे असेल तर राजा खेळून मग डमीच्या गुलामाकडे जायचं; पूर्वेकडे असेल तर एक्का खेळून डमीतून गुलाम चालवायचा. दोन्ही वाटा मोकळ्या. पॉइंटांनी काही कळणार नाही, कारण बाहेर सगळे मिळून चारच पॉइंट आहेत. मग राणी शोधायची तर दहा खात्रीचे हात आधी घ्यायचे आणि चौकट शेवटी ठेवायची. इथवर माझंही बरोबर होतं.

इस्पिकचे तीन हात घेतले. तिसऱ्याला पूर्वेने किलवर सोडलं. बाहेर सात इस्पिक होती, पूर्वेकडे दोन निघाली, म्हणजे पश्चिमेकडे पाच. मी विचार केला: पश्चिमेच्या तेरांतली पाच इस्पिकने खाल्ली, बाकीसाठी आठ जागा, पूर्वेकडे अकरा. राणी पूर्वेकडे असण्याची शक्यता जास्त. विचार तेवढ्यापुरता चुकीचा नव्हता. चूक ही की मी निकाल लावून मोकळा झालो. पुढचे सात हात मी गोळा केले, मोजले नाहीत.

ते मोजू या. बदामचा एक्का: दोघांनी पान दिलं. बदामचा गुलाम, त्यावर माझी दश्शी: पश्चिमेने इस्पिक सोडलं. बाहेर सहा बदाम होते, पश्चिमेकडे एक, म्हणून पूर्वेकडे पाच. आता जागा बघा. पश्चिमेच्या तेरांतून सहा गेली, उरल्या सात. पूर्वेच्या तेरांतून सात गेली, उरल्या सहा. अकराला आठ होतं ते सहाला सात झालं. पारडं फिरलं आणि मला पत्ता नाही.

मग बदामचे राजा-राणी (डमीतून चौकटची दुर्री गेली) आणि किलवर. एक्का, राजा: दोघांनी पान दिलं. राणीवर पश्चिमेने चौकट सोडली. बाहेर सात किलवर होती, पश्चिमेकडे दोन, पूर्वेकडे पाच. त्यातलं एक पूर्वेने मघाशी इस्पिकवर सोडलं तेही याच पाचांतलं, हे विसरायचं नाही. पूर्वेची बेरीज करा: दोन इस्पिक, पाच बदाम, पाच किलवर. बारा. चौकट एकच! पश्चिमेकडे पाच इस्पिक, एक बदाम, दोन किलवर, म्हणजे चौकट पाच.

इथे अंदाज उरतच नाही. आधी राजा खेळायचा. पूर्वेचं एकुलतं एक पान त्यावर पडणार. ती राणी असली तर प्रश्न मिटला. नसली तर राणी पश्चिमेकडे आहे, शंभर टक्के. मग चव्वी डमीकडे न्यायची, पश्चिम लहान देईल, गुलाम मारायचा, वर एक्का. तेरा हात.

मी काय केलं? चव्वीने एक्क्यावर गेलो, डमीतून गुलाम चालवला. पूर्वेने किलवर टाकलं. त्या किलवरकडे बघताना मला सगळं एकदम दिसलं. राजा घातला, शेवटचा हात पश्चिमेच्या राणीने नेला. एकाने खाली.

हा डाव कॅटमधून लावून बघा. पश्चिमेला इस्पिक गुलाम-१०-९-८-२, बदाम ७, चौकट राणी-९-८-५-३, किलवर १०-४ द्या, बाकीची तेरा पूर्वेला. मग एकेक सूट संपली की थांबा आणि दोघांच्या उरलेल्या जागा मोठ्याने म्हणा: आठ-अकरा, सात-सहा, पाच-एक. अर्धवट मोजणीने डाव कसा जातो ते बोटांना कळतं. आणि एक लक्षात आलं का? मोजायचा होता तो एकच माणूस. पूर्वेची चार सूट कळली की पश्चिमेची आपोआप. दोघांची वेगवेगळी मोजणी म्हणजे दुप्पट हमाली. ज्याच्याबद्दल बोलीतून किंवा उतारीतून जास्त माहिती आली असेल, त्याला निवडा.

पॉइंटही मोजायचे, पण तेवढ्यापुरते

आता वेगळा डाव घ्या. समजा, सुरुवातीला पूर्व पास म्हणाला होता. खेळात त्याने इस्पिकचे एक्का-राजा आणि बदामचा एक्का दाखवला, अकरा पॉइंट झाले. आता किलवरचा राजा त्याच्याकडे असता तर चौदा झाले असते आणि त्याने बोली उघडली असती. राजा पश्चिमेकडे आहे. एवढा साधा हिशेब, पण पास हीदेखील बोली आहे हे आपल्या डोक्यात बसत नाही. एक नो ट्रम्पवर (१५-१७) उघडणाऱ्याचे सोळा दिसून झाले की त्याच्याकडे आणखी फार तर एक गुलाम.

बचाव करताना

खरं तर डावांपैकी साधारण निम्मे आपण बचावातच खेळतो आणि तिथेच मोजणी सगळ्यात ढिली असते. डिक्लेअररने आधी इस्पिक, मग बदाम म्हटलं तर पाच-चार धरा. नऊ पानं कळली, राहिली चार. त्याने चौकट तीनदा दिली की किलवर एकच असणार. मग किलवरचे दोन हात मिळवण्याची स्वप्नं बघू नका.

भिडूची खूणही मोजणीसाठीच असते: आधी मोठं मग लहान पान म्हणजे सम संख्या, लहान मग मोठं म्हणजे विषम. समजा नो ट्रम्पला डमीत राजा-राणी-गुलाम-१०-६ अशी पाच पानं आहेत आणि डमीत शिरायला दुसरी वाट नाही. तुमच्याकडे एक्का आणि दोन लहान. भिडूने अठ्ठी मग तिर्री दाखवली, म्हणजे दोन. पाच, तीन आणि दोन दहा, डिक्लेअररकडे तीन. एक्का तिसऱ्या हातापर्यंत दाबून धरा. दुसऱ्याच हाताला मारलात तर त्याच्याकडे डमीत जायला पान उरतं.

सराव किती आणि कसा टिकवायचा

रोज दहा मिनिटं कॅट, आठवड्यातून एकदा टेबल. पहिला महिना हुकूम, पुढचे दोन महिने हुकूम अधिक आणखी एक सूट, मग पूर्ण एक माणूस. ब्रिज बेस ऑनलाइनवर रोबोटांबरोबर खेळलात तर डाव संपल्यावर चारही जणांची पानं बघता येतात. ती बघण्याआधी कागदावर लिहा: पूर्व, ५-४-३-१, अमुक क्रमाने. मग उघडा.

पहिल्या काही आठवड्यांत खेळ बिघडेल, हे आधीच सांगून ठेवतो. मोजण्यात लक्ष गेल्याने साधे हात सुटतील आणि भिडू वैतागेल. त्याला आधी कल्पना द्या. शिवाय चोवीस डावांच्या सत्रात सगळेच डाव मोजू नका, पार्ट स्कोअरला (गेमपेक्षा छोट्या बोलीला) अर्धवट चालतं. ताकद गेम आणि स्लॅमसाठी (बारा किंवा तेरा हातांच्या बोलीसाठी) राखा, नाहीतर विसाव्या डावाला हुकूमही सुटतात.

माझा आणि माझ्या भिडूचा एक करार आहे. सत्र संपलं की डावांच्या कागदाकडे न बघता तो मला एक डाव विचारतो, मी त्याला एक. ‘सातव्या डावात डिक्लेअररकडे किलवर किती होती?’ चुकेल त्याने दोघांचा चहा द्यायचा. या महिन्यात तीन वेळा मी दिला, त्यातले दोन बचावातले.